बर्फाबाहेरचा हान्यू

4 ऑगस्ट 2023 च्या रात्री जपानी फिगर स्केटर युझुरु हान्यूने समाजमाध्यमांवर एक छोटे निवेदन टाकले: आपण लग्न केले आहे. बायकोचे नाव त्यात नव्हते, फोटो नव्हता, ती कुठली, काय करते, काहीच नव्हते. 17 नोव्हेंबरला, बरोबर 105 दिवसांनी, दुसरे निवेदन आले. लग्न मोडले होते. कारण त्याने स्वतःच लिहिले होते. पत्नीच्या, दोघांच्या नातेवाइकांच्या आणि ओळखीच्यांच्या मागे माणसे लागतात, घरांपर्यंत येऊन परवानगीशिवाय वार्तांकन होते, बदनामी चालते, आणि पत्नीला घराबाहेर पाऊल टाकणेही कठीण झाले आहे. तिला सुखाने जगता यावे म्हणून आपण वेगळे होत आहोत, असा त्याचा आशय होता.

ते वाचून चाहत्यांच्या बोलण्यात एकच प्रश्न फिरत राहिला: हे कोणी केले? साप्ताहिकांनी, टीव्हीवाल्यांनी, की आपण? मलाही तो टाळता येत नाही. पहिल्या निवेदनाच्या रात्री मीही अर्धा तास ‘ती’ कोण असेल हे शोधत बसले होते. कोणाचे वाईट चिंतून नव्हे, नुसते कळावे म्हणून. पण अशाच असंख्य अर्ध्या तासांवर ती साप्ताहिके चालतात.

विजेत्या स्केटरच्या रोजच्या जगण्याबद्दल चाहते इतके का बोलतात, त्यातले प्रेम कोणते आणि पाळत कोणती, हा प्रश्न हान्यूपासून सुरू झालेला नाही. त्याला शंभर वर्षांचा इतिहास आहे. फक्त हान्यूच्या बाबतीत तो जितका उघडा पडला, तितका क्वचितच कोणाच्या बाबतीत पडला असेल.

आपल्याकडे बर्फाचे रिंक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मराठी प्रेक्षकाला हा खेळ पडद्यावरच भेटतो, म्हणून आधी थोडी ओळख. हान्यू 7 डिसेंबर 1994 चा, उत्तर जपानमधल्या सेंदाईचा. वडील शाळेत शिक्षक. दोन वर्षांचा असल्यापासून दमा. चौथ्या वर्षी मोठ्या बहिणीच्या मागोमाग रिंकवर गेला. 2014 मध्ये सोची ऑलिंपिकमध्ये, वयाच्या 19 व्या वर्षी, पुरुष एकेरीचे सुवर्ण जिंकणारा तो पहिला आशियाई ठरला. 2018 मध्ये प्याँगचँगला ते त्याने राखले. लागोपाठ दोनदा हे सुवर्ण जिंकलेला त्याच्या आधीचा पुरुष म्हणजे अमेरिकेचा डिक बटन, 1948 आणि 1952. प्याँगचँगच्या आधी तीन महिने हान्यूच्या घोट्याचे स्नायुबंध सरावात दुखावले होते आणि तेव्हापासून तो एकाही स्पर्धेत उतरलेला नव्हता. त्या शनिवारी सकाळी चहा निवत ठेवून त्याला पाहिलेल्या प्रत्येकाला शेवटच्या उड्यांवर डगमगलेला आणि तरी न पडलेला तो पाय आठवत असेल.

आता मूळ मुद्दा. क्रिकेटमध्ये कव्हर ड्राइव्ह कितीही देखणा असला तरी धावा चारच. फलंदाजाच्या चेहऱ्यावर काय दिसते याला धावफलकावर जागा नाही. फिगर स्केटिंगमध्ये ती आहे. या खेळात पूर्वी सहापैकी गुण मिळायचे आणि त्यातला एक आकडा थेट सादरीकरणाचा असायचा. 2002 च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जोडी स्केटिंगच्या निकालावरून परीक्षकांच्या संगनमताचा वाद पेटला आणि ती पद्धत गेली. आता प्रत्येक उडीला, प्रत्येक गिरकीला ठरलेली किंमत आहे. तरीही सादरीकरणाचे गुण वेगळे राहिलेच. म्हणजे कोण आहेस हे तू बर्फावर किती पटवून देतोस, याचे गुण परीक्षक आजही देतात. जिथे भावच गुणपत्रिकेत मोजला जातो, तिथे तो भाव खरा आहे का, असे प्रेक्षकाला वाटणे ओघानेच आले. बर्फावर एवढा हळवा दिसणारा माणूस घरीही तसाच असेल का? चाहत्यांचे पुढचे सगळे बोलणे या एका शंकेतून फुटते.

शिवाय या खेळाने स्वतःच एक बाक बांधला आहे. कार्यक्रम संपल्यावर स्केटर धापा टाकत तिथे येऊन बसतो, शेजारी प्रशिक्षक, समोर कॅमेरा, आणि गुण येईपर्यंत तो एकटक त्याच्या चेहऱ्यावर रोखलेला. त्या जागेचे नावच ‘किस अँड क्राय’. 1983 च्या हेलसिंकी विश्वस्पर्धेच्या वेळी आयोजकांपैकी येन एर्को या फिनिश बाईंनी हे नाव दिल्याचे सांगतात. आनंदाचे आलिंगन आणि पराभवाचे रडू, दोन्ही जगासमोर व्हावे अशी सोय. इतर खेळाडूंना रडायला निदान खोली मिळते. इथे खेळाडूचा सर्वांत खासगी क्षण प्रक्षेपणाचा भाग असतो, आणि आपण त्याला पाहत नसून ओळखतो, ही चाहत्याची समजूत मला वाटते याच बाकावर पक्की होते.

स्केटरच्या बर्फाबाहेरच्या जगण्याबद्दलचे हे कुतूहल सुरू झाले नॉर्वेच्या सोन्या हेनीपासून. 1928, 1932, 1936 अशी तीन ऑलिंपिक सुवर्णे, लागोपाठ दहा विश्वविजेतेपदे, मग थेट हॉलिवूड. ती येणार म्हटल्यावर गर्दी आवरायला पोलीस लागत. पुढे नॉर्वेवर जर्मनांचा ताबा आला आणि हेनीने हिटलरशी केलेले हस्तांदोलन, त्याच्या सहीचे चित्र, हे सारे तिच्या देशवासीयांच्या मनात कायमचे रुतून बसले. बर्फावरच्या परीच्या घरात कोणाचे चित्र आहे, हा प्रश्न तेव्हा कुचाळकीचा नव्हता. हे लक्षात ठेवायला हवे, कारण रोजच्या जगण्याबद्दलचा प्रत्येक प्रश्न गैर असतो असे मला म्हणायचे नाही.

जपानची गोष्ट मात्र 1972 च्या साप्पोरो ऑलिंपिकपासून सांगायला हवी. अमेरिकेची जॅनेट लिन तेव्हा 18 वर्षांची होती. मुक्त स्केटिंगमध्ये ती गिरकी घेताना बर्फावर बसलीच, आणि उठली ती हसत. सुवर्ण मिळाले ऑस्ट्रियाच्या बियाट्रिक्स शुबाला, कारण त्या काळी बर्फावर ठरावीक आकृत्या काटेकोर कोरण्याला फार वजन होते आणि त्यात शुबाचा हात धरणारे कोणी नव्हते. लिनला कांस्य. पण टीव्हीवर पाहणाऱ्या जपानला आकृत्या दिसल्या नव्हत्या, दिसले होते ते हसू. पत्रांचा पाऊस पडला, ती जाहिरातींत झळकली, ऑलिंपिक ग्राममधल्या आपल्या खोलीच्या भिंतीवर तिने शांती आणि प्रेमाचे चार शब्द लिहून ठेवले होते त्याचीही बातमी झाली. इतके सुंदर खेळणारी मुलगी हरते कशी, हे प्रेक्षकांना कळेना. पुढच्याच वर्षी छोट्या कार्यक्रमाचा नवा भाग स्पर्धेत आला, आकृत्यांचे वजन उतरत गेले आणि 1990 नंतर त्या स्पर्धेतून गेल्याच. चाहत्यांच्या प्रेमाने नियम हलतात, हे स्केटिंगच्या जगाने तेव्हा पाहिले. आणि पडूनही हसणारी व्यक्ती ही जपानी प्रेक्षकाच्या मनातली स्केटरची पहिली मूर्ती ठरली.

त्याच मूर्तीशी पुढे जपानच्याच स्केटर माओ आसादाची तुलना होत राहिली. सोचीत छोट्या कार्यक्रमात ती 16 व्या स्थानावर कोसळली, तेव्हा माजी पंतप्रधान योशिरो मोरी भाषणात बोलून गेले की ही मुलगी ऐन वेळी नेहमी पडते. मोरी तेव्हा टोकियो ऑलिंपिकच्या आयोजन समितीचे प्रमुख होते. आसादाने मुक्त स्केटिंगमध्ये 142.71 गुण मिळवले, तोवरचे तिचे सर्वोत्तम, आणि संपल्या संपल्या तोंड वर करून ती रडली. देश तिच्या बाजूने उभा राहिला. ते रडणे पाहिलेल्या कोणालाही तिच्याविषयी आणखी काही कळण्याची गरज होती असे मला वाटत नाही.

पाळतीची दुसरी परंपरा पूर्व जर्मनीची. काटारीना विट, 1984 आणि 1988 ची ऑलिंपिक विजेती. तिकडे पाश्चात्त्य वृत्तपत्रे तिच्या रूपाची वर्णने छापत होती आणि इकडे तिच्याच देशाची गुप्त पोलीस यंत्रणा, श्टाझी, लहानपणापासून तिची नोंद ठेवत होती. जर्मनी एक झाल्यावर तिने स्वतःच्या फायली वाचल्या. हजारो पाने. कोण भेटायला आले, कोणाशी किती वेळ बोलली, सगळे टिपलेले. पुढे अमेरिकेत एका माथेफिरू चाहत्याने तिचा इतका पिच्छा पुरवला की त्याला न्यायालयाने मानसोपचार केंद्रात धाडले. सरकारी हेर आणि एकतर्फी प्रेमवीर, दोघांना हवे होते तेच: ती बर्फावर नसताना काय करते. हेराला निदान त्याचा पगार मिळत होता. प्रेमवीर आपण तिच्यावर प्रेम करतो असे समजत होता, म्हणून तोच मला अधिक भयंकर वाटतो.

अमेरिकेतली 1994 ची नॅन्सी केरिगन आणि टोन्या हार्डिंग यांची कथा इतकी सांगितली गेली आहे की इथे फार थांबत नाही. 6 जानेवारीला डेट्रॉइटमध्ये केरिगनच्या पायावर दंडुक्याने हल्ला झाला, त्यात हार्डिंगच्या माजी नवऱ्याचा हात निघाला. ते प्रकरण गुन्ह्याचे होते आणि त्याचा तपास व्हायलाच हवा होता. पण त्याच्या कितीतरी आधीपासून एक राजकन्या आणि दुसरी गावंढळ अशी वाटणी ठरून गेली होती. हार्डिंगने 1991 मध्ये स्पर्धेत ट्रिपल ॲक्सल ही उडी मारली, ती मारणारी ती पहिली अमेरिकन स्त्री. तरी चर्चा तिच्या घरच्या गरिबीची, घरीच शिवलेल्या पोशाखांची. राजकन्येचीही सुटका नव्हती. ऑलिंपिक रौप्यानंतर डिस्नेच्या मिरवणुकीत मिकी माऊसशेजारी बसलेली केरिगन, हे सगळे किती खुळचट आहे अशा अर्थाचे काहीतरी पुटपुटली, माइकने ते पकडले आणि महिनाभर जिच्यासाठी देश हळहळत होता ती एका वाक्याने शिष्ट ठरली. थकलेल्या माणसाने शेजाऱ्याशी बोललेले एक वाक्य.

दक्षिण कोरियाची किम यूना या बाबतीत हान्यूची सर्वांत जवळची थोरली बहीण म्हणावी लागेल. 2010 मध्ये व्हँकुव्हरला 228.56 गुणांचा विश्वविक्रम करून तिने सुवर्ण जिंकले. कोरियात तिला ‘देशाची धाकटी बहीण’ म्हणत. हे संबोधन गोड आहे, पण त्यात एक कुलूप आहे. बहीण घरातली असते, आणि घरातल्या मुलीने कोणाबरोबर फिरावे यावर घर बोलते. सोचीत तिला रौप्य मिळाले, निकाल चुकीचा आहे असे म्हणत दहा लाखांहून अधिक लोकांनी ऑनलाइन अर्जावर सह्या केल्या. त्यानंतर जेमतेम दोन आठवड्यांनी, 6 मार्च 2014 ला, एका कोरियन प्रकाशनाने तिची प्रियकराबरोबरची छायाचित्रे छापली. पाळत ठेवून काढलेली. तिच्या व्यवस्थापन संस्थेने नाते मान्य केले आणि खासगीपणाच्या भंगाबद्दल कायदेशीर पावले उचलू असे बजावले. तिच्यासाठी सह्या करणारे आणि ती छायाचित्रे डोळे भरून पाहणारे, हे दोन वेगवेगळे समुदाय होते असे मानणे सोयीचे आहे. मी तसे मानत नाही.

हान्यूबद्दल चाहते जे बोलतात त्यात दोन मूर्ती कायम शेजारी शेजारी असतात. एक नाजूक, कमरेत वाकून सगळ्यांना नमस्कार करणारा, रिंकवर येताना आणि जाताना बर्फाला हात लावणारा मुलगा, टिशू पेपरच्या डब्यालाही विनी द पूचे अस्वल घालणारा. दुसरी मूर्ती हरणे मुळीच सहन न होणाऱ्या लढवय्याची. नोव्हेंबर 2014 मध्ये शांघायला सरावात चीनच्या यान हानशी त्याची जोरदार धडक झाली. डोक्याला आणि हनुवटीला पट्टी बांधून तो उतरला, पुन्हा पुन्हा पडला, रौप्य घेऊन गेला. त्याला खेळू द्यायला हवे होते का, यावर जपानमध्ये तेव्हा गंभीर वाद झाला, आणि तो व्हायला हवा होता. डोक्याला मार लागलेल्या 19 वर्षांच्या मुलाने ठरवायची ती गोष्ट नव्हे. चार वर्षांनी मॉस्कोत तेच: सरावात घोटा दुखावला, तो खेळला, जिंकला आणि पदक घ्यायला कुबड्यांवर आला. चाहत्यांच्या बोलण्यात या प्रसंगांचा अभिमान असतो. मला तो अभिमान वाटतो आणि त्याची भीतीही वाटते, कारण अशा टाळ्या ऐकून पुढचा घोटा मोडतो.

तिसरी मूर्ती त्याने मागितलेली नव्हती. 11 मार्च 2011 ला दुपारी भूकंप झाला तेव्हा तो सेंदाईच्या रिंकवर सराव करत होता. पायांत स्केट असतानाच बाहेर पळाला. घराचे नुकसान झाले, कुटुंबाने काही दिवस निवारा केंद्रात काढले, रिंक बंद पडला. सरावाला बर्फ मिळावा म्हणून त्या वर्षी त्याने साठच्या आसपास आइस शो केले. त्यातला सुरुवातीचाच एक कोबे शहरात, जिथल्या लोकांना 1995 चा स्वतःचा भूकंप आठवत होता. तेव्हापासून तो ‘आपद्‌ग्रस्तांचा प्रतिनिधी’ झाला. सोळा वर्षांच्या मुलाला हे ओझे जड झाले हे त्याने पुढे सांगितले आहे: आपण खेळाडू म्हणून ओळखले जावे, भूकंपाचा मुलगा म्हणून नव्हे. मग 2012 च्या नीस इथल्या विश्वस्पर्धेत त्याला उमगले की आपण लोकांना आधार देत नव्हतो, लोकच आपल्याला देत होते. आणि सोचीच्या सुवर्णानंतर पत्रकारांसमोर, जिथे बाकीचे जिंकल्याबद्दल बोलतात, तिथे हा मुलगा पदकाने त्या उद्ध्वस्त गावांचे काय होणार, आपण किती असहाय आहोत, हे बोलत होता. चाहते प्रतिमा घडवतात असे आपण म्हणतो. इथे एक संपूर्ण प्रदेश ती घडवत होता, आणि ती अंगाला बसायला त्या मुलाला तीन वर्षे लागली.

रोजच्या जगण्याबद्दल त्याने स्वतः दिलेले तपशील थोडे आहेत. भूक कमी, जेवणाची विशेष आवड नाही. व्हिडिओ गेम्सचे वेड. कानात घालायच्या इअरफोनचा दर्दी. कॅनडात टोरोंटोला ब्रायन ऑर्सरकडे शिकताना आई सोबत राहायची. शिक्षण वासेदा विद्यापीठाच्या दूरशिक्षणातून, आणि प्रबंध उड्यांच्या संगणकीय मोजणीवर. स्पर्धात्मक कारकीर्द संपेपर्यंत समाजमाध्यमांवर त्याचे जाहीर खातेही नव्हते. एवढ्या प्रसिद्ध माणसाकडून आलेला हा थोडका ऐवज चाहत्यांनी पै-पैसारखा जपला. कोणत्या स्पर्धेत कोणता इअरफोन, याच्या नोंदी ठेवणारी माणसे आहेत. यात मला वावगे दिसत नाही. तो स्वतःही असाच चाहता होता. लहानपणी त्याने रशियाच्या येव्गेनी प्लुशेंकोसारखे केस कापून घेतले होते, डोक्यावर भूछत्रासारखी टोपी दिसेल असे. अमेरिकेच्या जॉनी वियरवरही त्याचा तितकाच जीव. 2018-19 च्या हंगामात त्याने आपले दोन्ही कार्यक्रम या दोघांना वाहिले. केसांपासून सुरू झालेली भक्ती पंधरा वर्षांनी बर्फावर परत केली.

त्याचे मौन मात्र अनेकांना रिकामी जागा वाटले, आणि मग ती भरली गेली. चाहत्यांत काही थोरल्या बायका स्वतःला त्याच्या आईच्या जागी मानतात. त्याच्या खाण्याची, झोपेची काळजी करतात. ‘ओशी’ हा जपानी शब्द आता जगभर गेला आहे: ज्याला आपण पाठिंबा देतो, ज्याच्यासाठी वेळ आणि पैसा घालतो, तो आपला ओशी. या शब्दात देण्याचा भाव आहे, आणि बहुतेक चाहते खरोखर देतात. पण देणाऱ्याला कधी कधी हिशेब लागतो. आपण इतकी वर्षे दिले, तर त्याने सांगायला नको का? लग्नाच्या बातमीनंतर दुखावलेला सूर निघाला तो इथूनच. बहुसंख्यांनी अभिनंदन केले, काहींना फसवल्यासारखे वाटले, आणि थोड्यांना ‘ती’ आपल्या मुलाच्या लायकीची आहे का हे तपासायचे होते. तपासायला पत्ता लागतो. पत्ता मिळवून देणारी साप्ताहिके तयारच होती. बाईचा माग काढणे बातमीदारांनी केले, पण त्या बातमीला गिऱ्हाईक काळजी करणाऱ्यांतूनही मिळाले. जपणे आणि ताबा घेणे यांतली सीमा ओलांडताना माणसाला आवाज ऐकू येत नाही.

यावर एक युक्तिवाद नेहमी होतो. खेळाडू प्रतिमेवरच कमावतो. जाहिरातीत चेहरा विकायचा आणि मग खासगीपणा मागायचा, हे कसे? युक्तिवाद पोकळ नाही. किम यूना आणि हान्यू, दोघांनीही जाहिराती केल्या आहेत, भरपूर. पण जाहिरातीत चेहरा विकला जातो, घराचा दरवाजा नव्हे, आणि बायकोचा चेहरा तर नव्हेच. दुसरीकडे काही वेळा खासगी वाटणारी गोष्ट खरोखरच सार्वजनिक असते. 2022 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये रशियाच्या कामिला वालियेवाच्या नमुन्यात बंदी असलेले हृदयविकाराचे औषध सापडल्याचे उघड झाले. ती पंधरा वर्षांची होती. ते औषध तिच्यापर्यंत कसे आले, तिच्याभोवती कोण मोठी माणसे होती, तिचा दिवस कोणाच्या हातात होता, हे विचारणे जगाचे काम होते. आणि क्रीडा लवादाने जानेवारी 2024 मध्ये चार वर्षांची बंदी दिल्यावरही त्या मोठ्या माणसांबद्दलचे प्रश्न मला पुरेसे विचारले गेलेले दिसत नाहीत. उलट एका किशोरीच्या पडण्याची चित्रे पुन्हा पुन्हा दाखवली गेली. म्हणजे विचारायचे ते राहिले आणि पाहायला नको ते पाहून झाले. मुलांच्या जीवावर बेतणारी शिस्त, औषधे, छळ, पैशाचा गैरव्यवहार, यांबद्दल चाहत्यांनी बोललेच पाहिजे. कोण कोणाबरोबर राहते याबद्दल नाही.

आणि चाहत्यांनी केलेले चांगले काही थोडे नाही. सेंदाईचा तो रिंक 2004 मध्ये पैशाअभावी बंद पडला होता. तिथेच घडलेली शिझुका आराकावा 2006 मध्ये तुरिनला सुवर्ण जिंकली, तिने शब्द टाकला आणि 2007 मध्ये तो पुन्हा उघडला. हान्यूने आपल्या आत्मकथनाचे मानधन त्याच रिंकला दिले, कोट्यवधी येन, आणि ते आले ती पुस्तके विकत घेणाऱ्यांकडून. चाहते बर्फावर पूची अस्वले टाकत, पिवळा पाऊस पडल्यासारखी, आणि ती स्पर्धा होईल त्या गावातल्या मुलांना आणि संस्थांना दिली जात. 22 एप्रिल 2018 ला सेंदाईच्या मिरवणुकीला 1 लाख 8 हजार माणसे जमली. चाहत्यांमुळेच लाखो लोकांना पात्याची आतली आणि बाहेरची कड ओळखता येऊ लागली, उडी पुरी फिरली की अर्धवट हे दिसू लागले. बीजिंगमध्ये तो साडेचार फेऱ्यांच्या ॲक्सलवर पडला, चौथा आला, आणि पदक नसताना त्याच्यासाठी वेगळी पत्रकार परिषद ठेवावी लागली. त्या परिषदेत हजर असलेल्यांना आणि घरी पाहणाऱ्यांना त्या पडण्याचे मोल कळत होते, ते या शिक्षणामुळे. सप्टेंबर 2022 मध्ये अमेरिकेच्या इलिया मालिनिनने तीच उडी पूर्ण केली तेव्हा हान्यूच्या चाहत्यांपैकी पुष्कळांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. ज्यांनी नाही वाजवल्या, प्रतिस्पर्ध्यांना शिव्या दिल्या, तेही होते. प्रत्येक मोठ्या खेळाडूमागे अशी माणसे असतात.

19 जुलै 2022 ला त्याने स्पर्धा सोडून व्यावसायिक स्केटर होत असल्याचे जाहीर केले. तोवर सगळे त्याला ‘हान्यू सेन्शु’ म्हणत, म्हणजे खेळाडू हान्यू. आता काय म्हणायचे, यावर चाहते किती गंभीरपणे बोलले! तीन आठवड्यांनी, 10 ऑगस्टला, त्याने सेंदाईच्या रिंकवरचा आपला सराव खुला केला आणि तो थेट प्रक्षेपितही झाला. सजावट नाही, पोशाख नाही, सरावाचे काळे कपडे. तो पडत होता, उठत होता, घाम पुसत होता. चाहत्यांना वर्षानुवर्षे हवे असलेले त्याचे रोजचे जगणे त्याने स्वतःहून समोर ठेवले, आणि ते इतकेच होते: तीच उडी परत, तीच परत. माझ्या मते त्याच्याविषयी जे कळण्यासारखे आहे ते बहुतेक त्या प्रक्षेपणात आहे. 2023 च्या फेब्रुवारीत टोकियो डोममध्ये 35 हजार लोकांसमोर त्याने एकट्याने केलेला ‘गिफ्ट’ हा कार्यक्रम भव्य होता, पण माझे मन त्या सरावाकडेच परत जाते.

कोबेमध्ये युझुरुहा नावाचे एक जुने देऊळ आहे. देवळाच्या नावातली अक्षरे हान्यूच्या नावात येतात. युझुरु म्हणजे ताणून बांधलेली धनुष्याची दोरी, वडिलांनी ठेवलेले नाव. 2011 मध्ये तो तिथे जाऊन आला आणि तेव्हापासून चाहते तिथे जातात. अशा वाऱ्यांना जपानीत ‘सेइची जुनरेई’ म्हणतात, पवित्र स्थळांची यात्रा. देवळात लाकडाच्या छोट्या पाट्यांवर इच्छा लिहून टांगायची रीत आहे. 2018 च्या जानेवारीत, घोटा दुखावलेला असताना, तो बरा होईल की नाही हे कोणालाच माहीत नव्हते. त्याची काही खबर नव्हती, एक फोटोसुद्धा नव्हता. त्या दिवसांत ओळीने टांगलेल्या पाट्यांवर त्याचा पाय बरा व्हावा, त्याला मनासारखे स्केटिंग करता यावे, एवढेच लिहिलेले असे. पाट्या जपानीत होत्या, चिनीत होत्या, इतर भाषांतही होत्या. लिहिणाऱ्या बहुतेकांनी त्याला जवळून कधी पाहिलेले नव्हते. पाटी टांगून, टाळी वाजवून, मान लववून ती माणसे स्टेशनकडे परत चालू लागत.